हिवाळ्यातली अकरा मिनिटं

हवाकाढे सर आधी चाकाकडे बघायचे, मग घड्याळाकडे, आणि त्यातून सवड उरली तर तोंडाकडे. सायकल फाटकातून आत आली की त्यांची मान खाली जायची. पुढच्या चाकाला चिकटलेली माती, दव, तणसाची काडी बघून पोरगी कोणत्या रस्त्यानं आली, कुठं उतरून चालली, कुठं गप्पा मारत उभी राहिली, हे ते जागच्या जागी सांगत. चुकत नसत. माझ्या उजव्या भुवईवर लहानपणीचा चांगला ठसठशीत व्रण आहे. दोन वर्षं मी रोज त्यांच्यासमोरून गेले, पण तो व्रण त्यांना दिसला तो मी शाळा सोडल्यावर नऊ वर्षांनी.

हवाकाढे हे त्यांचं आडनाव नव्हतं. पण आमच्या भागातली आडनावंच अशी की नव्या मुलींना ते खरं वाटायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनीही प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हवाकाढे सर, कसं काय?" अख्खी शाळा श्वास रोखून उभी. सर म्हणाले, "ठीक आहे." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांना स्वतःचं ते नाव माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

ते विज्ञान आणि गणित शिकवायचे. दिवाळी संपली की दहावीचा जादा तास सुरू व्हायचा, सकाळी साडेसातला. गोंदियाच्या उत्तरेला, वैनगंगेच्या अंगाला, धानाच्या बांध्यांमध्ये विखुरलेली आमची गावं. मुली सहा-सहा, आठ-आठ किलोमीटरवरून सरकारनं दिलेल्या सायकलींवर येत. साडेसातची घंटा झाली की सर फाटक लोटत. त्यानंतर आलेल्या मुलीला ते रागावत नसत, कारणही विचारत नसत. खाली वाकून दोन्ही चाकांची हवा सोडत आणि बोटाच्या पेराएवढे ते दोन पितळी वाल खिशात टाकत. वाल दुसऱ्या दिवशी परत मिळत, तेही वेळेवर आलं तरच. म्हणजे आज सायकल ढकलत घरी जायचं, आणि उद्या पायी निघून साडेसातच्या आत पोहोचायचं. सरांनी कोणावर कधी हात उगारला नाही. त्यामुळे गावोगावचे बाप म्हणत, "मारत तं नाई ना? मंग काऊन रडून राहिली?" शिवाय त्यांच्या हाताखाली गणितात कोणी नापास होत नसे.

नावानं ते हाक मारत नसत. गाव ते शाळा जेवढी मिनिटं लागतात, तेच आमचं नाव. "ए बावीस, फळा पूस." "एकोणतीस आली नाही काय आज?" माझ्या गावापासून शाळा आठ किलोमीटर. पाऊस संपून रस्ता वाळला की मला आणि दुर्गाला पस्तीस मिनिटं लागत. आम्ही दोघी एकाच मोहल्ल्यातल्या. तिचे बाबूजी गावतलावात जाळं टाकून मासोळी धरायचे, माझ्या बाबूजींची धानाची शेती. आम्हाला सायकली एकाच दिवशी मिळाल्या होत्या, आणि त्या दिवसापासून आम्ही हँडलला हँडल लावून येत होतो. सरांनी आम्हाला एकच नाव दिलं होतं, पस्तीस. त्या एका हाकेला दोघी उभ्या राहायचो आणि हसू दाबायचो.

पण याच माणसाच्या टेबलाच्या खणात पाना, कात्री, रबराची ठिगळं आणि सोल्युशनची ट्यूब असायची. मधल्या सुट्टीत इतर शिक्षक डबा खात, तेव्हा सर व्हरांड्यात कोणाची ना कोणाची सायकल उलटी करून बसलेले असत. पंक्चर काढत, चेन ताणत, ब्रेक आवळत. ज्या मुलीची हवा सकाळी काढली, तिच्याच सायकलच्या चाकातले छऱ्यांचे कटोरे दुपारी उघडून धुताना मी त्यांना पाहिलं आहे. आभार मानायला गेलं की म्हणायचे, "तुझ्यासाठी नाही करत. सायकलीचा काय गुन्हा?"

स्वतः ते दवनीवाड्याहून यायचे, सहा किलोमीटर, काळ्या उंच सायकलवर. डिसेंबर-जानेवारीतही अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. कान लाल, बोटं निळी, नाकातून पाणी. आम्ही शाल, स्वेटर, कानटोपी, त्यावरून स्कार्फ अशा गाठोड्यासारख्या फाटकात शिरायचो तेव्हा ते म्हणत, "अंगात स्वेटर घातला की आळस पायात उतरतो." थंडी त्यांच्यासाठी नव्हतीच. "थंडी पडली म्हणून किलोमीटर लांबला काय?" हे त्यांचं वाक्य दिवाळीपासून होळीपर्यंत रोज कोणी ना कोणी ऐकायचं.

किलोमीटर लांबत नव्हता, हे खरं. पण ज्यानं हिवाळ्यात धानाच्या बांध्यांमधून सकाळी सायकल चालवली आहे, त्याला कळेल की लांबल्यासारखा होतो. तलावांवरून धुकं उठून रस्त्यावर बसतं. दहा हातांपुढचं दिसत नाही. ब्रेकवर बोटं ठेवली आहेत की नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. उत्तरेचा वारा समोरून. गुडघे उठल्या उठल्या वाकत नाहीत. रस्त्यावर कोणी धान वाळत घातलेलं, कोणी तणस पसरलेलं, त्यातून चाक रुतत जातं. पहिल्या दोन किलोमीटरला सायकल कोणीतरी मागून धरल्यासारखी वाटते. पस्तीस मिनिटांची चाळीस झाली, मग त्रेचाळीस. लवकर निघावं, तर दुर्गाच्या आईला दम्याचा त्रास. थंडीत ती उठूच शकत नसे. पाणी भरून, चूल पेटवून, दोन लहान भावांच्या भाकरी थापून मगच दुर्गा निघे. मी तिच्या दारात सायकलला टेकून उभी असे.

एके दिवशी मी न थांबता पुढं आले होते. दुर्गा उशिरा आली आणि सर हवा सोडायला उठायच्या आत तिनं भर वर्गात विचारलं, "सर, थंडीत सायकल हळू काऊन चालते?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते बाहेर गेले आणि दुर्गाचीच सायकल उचलून आत घेऊन आले. टेबलावर उलटी ठेवली. त्यानंतरचा पाऊण तास मी कधी विसरले नाही. त्यांनी चाक फिरवलं आणि थांबेपर्यंत फेरे मोजायला लावले. मग सायकल उन्हात ठेवून वीस मिनिटांनी पुन्हा मोजायला लावले. फेरे वाढले होते. "हे ग्रीस," ते म्हणाले, "थंडीत तुपासारखं थिजते." मग ट्यूबमधली हवा गार झाली की आक्रसते, टायर मऊ पडतं आणि रस्त्याला जास्त चिकटतं, हे त्यांनी अंगठ्यानं दाबून दाखवलं. गार हवा दाट असते, तिला फाडत जायला जास्त जोर लागतो. गार स्नायू आखडतात. शालीचा पदर वाऱ्यात फडफडतो, तोही मागे ओढतो. आणि धुक्यात डोळेच पायांना थांबवतात. आमच्या रोजच्या रस्त्यात एवढं विज्ञान असेल, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आज मी सडक अर्जुनीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तो तास मी दर हिवाळ्यात घेते, जसाच्या तसा.

शेवटचा भाग सोडून. तास संपताना सरांनी सायकल सरळ केली, दोन्ही चाकांची हवा सोडली आणि वाल खिशात टाकले. "आज तू सात मिनिटं उशिरा आलीस. कारण कळलं ना? कारण कळलं म्हणून उशीर माफ होत नाही. आजपासून तुझं नाव पंचेचाळीस."

दुर्गा त्या दिवशी आठ किलोमीटर सायकल ढकलत गेली. मी थोडं तिच्यासोबत चालले, मग म्हणाले, "माय वाट पाहत असन," आणि सायकलवर बसून पुढं निघून गेले.

त्याच आठवड्यात मला ट्रॉली सापडली. तेव्हा धान भरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहाटेपासून राईस मिलकडे निघायच्या. आमच्या गावापुढच्या वळणावर त्या मुख्य रस्त्याला लागत आणि शाळेच्या अलीकडे मिलमध्ये वळत. मागच्या फाळक्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी साखळ्या लोंबत. डाव्या हातानं त्यातली एक धरली की पायडल मारायचं कामच नाही. चार किलोमीटर फुकट. थंडी, वारा, ग्रीस, काही नाही. एकच जागा वाईट होती. मिलच्या अलीकडे नाल्यावर एक रपटा आहे, बुटका पूल, कठडा नसलेला. त्यावर चढताना ट्रॉली उडते आणि साखळीला हिसका बसतो. तिथं आधीच हात सोडायचा. पहिल्याच दिवशी मी तिथं पडता पडता वाचले आणि शिकले.

जानेवारीत, भर धुक्यात, मी चौतीस मिनिटांत शाळेत पोहोचू लागले. मी आता तुझ्या दारात थांबणार नाही, असं दुर्गाला सांगून टाकलं होतं.

सरांनी मला फाटकात थांबवलं. "आठ किलोमीटर ना?"

"हो सर."

"चौतीस?"

"जोरात मारले पायडल."

त्यांनी माझ्या चाकाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्या हँडलकडे. मग आत जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मला पुढं उभं केलं. "ही पाहा. चौतीस. हिच्या गावाले थंडी पडत नाही काय? हिच्या सायकलीत ग्रीस थिजत नाही काय? हिले जमते, तं तुमाले काऊन नाही जमत?" मग दुर्गाकडे वळून, "पंचेचाळीस, तू तर हिच्याच मोहल्ल्यातली आहेस ना? अकरा मिनिटं कुठं सांडते तू रोज?"

सगळी शाळा हसली. मीही हसले. पंधरा वर्षांच्या पोरीला सगळ्यांपुढं उभं राहून कौतुक झेलायची चटक किती लवकर लागते, हे मला त्या महिन्यात कळलं. सर मला प्रयोगशाळेची किल्ली देत. माझी वही आधी तपासत. "चौतीस, तू इंजिनिअर होशील," असं एकदा म्हणाले. घरी बाबूजींनी कधी माझ्याबद्दल असं काही म्हटलं नव्हतं. मला ते फार आवडत. ज्या माणसाला सगळी शाळा भीत होती, तो माझ्यावर खूश होता.

दुर्गाचे वाल तीनदा गेले. तिसऱ्या वेळी ती पहाटे पाचला पायी निघाली आणि वेळेवर पोहोचली, पण त्या दिवशी घरी चूल पेटली नाही. तिच्या बाबूजींनी सांगितलं, "आणखी एकदा वाल गेला तं शाळा बंद. सायकल इकून टाकतो."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. गोठ्याजवळ उभी राहिली. "तू काय करते ते मले सांग. मी कोणाले नाई सांगत."

मी टाळलं. तिनं पुन्हा विचारलं. शेवटी सांगितलं. वळणावर थांब, फाळक्याची साखळी, डावा हात. ती रडली, मग हसली, मग मला मिठी मारून गेली. रपट्याचं मी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते. राहून गेलं नव्हतं. ओठांवर आलं होतं. उद्या हीसुद्धा चौतीस होणार, असं मनात आलं आणि मी तोंड मिटलं. ती मरेल असं वाटलं नव्हतं. पडेल, खरचटेल, घाबरेल आणि पुन्हा साखळी धरणार नाही, एवढंच वाटलं होतं. एवढं मात्र नक्की वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं असं होतं की चार हातांपुढचं दिसत नव्हतं. दोघींनी एकच ट्रॉली धरली, मी डावीकडे, ती उजवीकडे. ती माझ्याकडे बघून हसत होती. "काई थंडी नाई वाजून राहिली!" असं ओरडली. रपटा जवळ आला तसा मी हात सोडला. ट्रॉली पुढं गेली. मला पोती दिसेनाशी झाली, दुर्गाची लाल शाल दिसेनाशी झाली, आणि मग लोखंड आदळल्याचा आवाज आला. त्यानंतर दुर्गाचा.

ट्रॅक्टरवाल्याला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मीच सायकल पिटाळत मिलच्या वळणाशी त्याला गाठून थांबवलं. हिसक्यानं ती बाजूनं पुढं ओढली गेली होती आणि ट्रॉलीचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं होतं. मी तिच्या जवळ गेले नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मिलमधली माणसं आली, त्यांच्यातलं कोणी शाळेकडे पळालं. सर सायकलवर आले. एवढ्या वेगानं सायकल चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सायकल चालती असतानाच उडी मारून ते उतरले आणि ती नाल्यात गेली. त्यांनी कमरेचा पट्टा काढला, दुर्गाच्या मांडीला आवळला, त्यात खिशातला पाना घालून पिळला. ती किंचाळली. "किंचाळ," ते म्हणाले, "चूप नको होऊ, किंचाळत राहा." तिला ट्रॉलीतल्या धानाच्या पोत्यांवर ठेवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ट्रॅक्टर गोंदियाला नेला. डॉक्टर नंतर म्हणाले, पट्टा नसता तर वाटेतच गेली असती.

ट्रॅक्टर निघायच्या आधी सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "तू शाळेत जा. तास सोडू नको," म्हणाले.

मी गेले. बाकावर बसले. तास झालाच नाही.

दुर्गाचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ती दवाखान्यात सगळ्यांना एकच सांगत राहिली, "धुक्यात दिसलं नाई." साखळीचं बोलली नाही. माझं बोलली नाही. गाव मात्र सरांवर उठलं. हवा सोडणारा, पोरींना पळवणारा, याच्याच धाकानं पोरगी मेली असती. दुर्गाच्या बाबूजींनी शाळेच्या आवारात सरांच्या थोबाडीत मारली. सर जागचे हलले नाहीत. मग रोज कोणीतरी त्यांच्या सायकलचे टायर ब्लेडनं कापू लागलं. ते रोज सहा किलोमीटर पायी परत जात. आणि आम्ही मुली फाटकाशी उभ्या राहून बघत असू. खरं सांगायचं तर मजा वाटायची.

चौकशीला दोन साहेब आले. मला बोलावलं. सर कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. साहेबांनी विचारलं, "तिला घाई कशाची होती?" मी म्हणाले, "उशीर झाला की सर हवा सोडतात म्हणून." ते खरं होतं. एवढंच सांगून मी थांबले. साहेबांनी सरांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" सर म्हणाले, "नाही. ती बरोबर सांगते."

परीक्षा संपता संपता त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, प्रतापगडच्या जंगलाकडे. बायको-मुलं दवनीवाड्यालाच राहिली. दुर्गाला तिच्या मामानं आपल्या गावी नेलं. मला गणितात सत्त्याण्णव मिळाले. मी गोंदियाला वसतिगृहात शिकायला गेले आणि सुट्टीतसुद्धा गावात जास्त थांबत नसे.

नऊ वर्षांनी मला शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन दवनीवाड्याला गेले. सर निवृत्त होऊन घरी आले होते. डिसेंबर होता. दार त्यांनीच उघडलं. अंगात जाड स्वेटर, गळ्यात मफलर, हातात काठी. सवयीनं आधी माझ्या पायांकडे, तिथं चाक शोधल्यासारखं बघितलं, मग वर. "चौतीस," म्हणाले. मग, "भुवईवर काय लागलं?"

"लहानपणचं आहे सर."

"असं?" म्हणाले, आणि आत वळले.

चहा त्यांनी स्वतः केला. मी पेढ्याचा डबा उघडलाच नाही. सगळं सांगून टाकलं. ट्रॉली, साखळी, दुर्गाला मीच शिकवलं ते. बोलताना मला वाटत होतं, आता ते धक्क्यानं खाली बसतील, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी बशीत चहा ओतला.

"मले माहीत होतं. तुझ्या हँडलच्या डाव्या मुठीवर रोज गंज लागलेला असे. आणि मी स्वतः बावीस हिवाळे सायकल चालवली. थंडीत माझेच सहा किलोमीटर तीन मिनिटं लांबत. तू पस्तीसची चौतीस कशी होशील?"

"मग मला सगळ्यांसमोर उभं का केलं?"

"तू खोटी होतीस, पण कामाची होतीस. तुझं नाव घेतलं की बाकीच्या पोरी वेळेवर येत."

माझा कप हातातच राहिला. "आणि चौकशीत? माझं नाव का नाही सांगितलं? मला वाचवायला?"

"तुले?" ते पहिल्यांदा हसले. चांगलं हसू नव्हतं ते. "तुझं नाव घेतलं असतं तर मले कधीपासून माहीत होतं, हे बी निघालं असतं. त्यापेक्षा प्रतापगड बरं." मग बशी खाली ठेवून त्यांनी फळ्याजवळ उभं करून विचारावं तसं विचारलं, "रपट्यापाशी हात सोडावा लागते, हे तू तिले सांगितलं होतं?"

मी पेढ्याचा डबा पुढं सरकवला.

"नाही ना," ते म्हणाले. उठले, कप-बशा उचलल्या. "माझ्याकडे येऊन काय फायदा? जिच्याकडे जायचं तिच्याकडे जा."

मी गेले नाही. जाईन जाईन म्हणत दोन वर्षं गेली. मामाचं गाव तिरोड्याकडं आहे एवढंच माहीत होतं, आणि तेवढं कळणं पुरेसं नव्हतं असं मी धरून चालले.

या हिवाळ्यात सर गेले. न्यूमोनिया झाला होता. मी तेरवीला पोहोचले तेव्हा मांडवात पहिली पंगत उठत होती. एका कोपऱ्यात दुर्गा दिसली. मी तिला लगेच ओळखलं. चेहरा तोच, थोडा भरलेला. साडीखाली कृत्रिम पाय, काखेत कुबडी. सरांच्या मुलीनं मला सांगितलं, "या दुर्गाताई. मामाच्या गावात गणिताची शिकवणी घेतात. बाबांच्या विद्यार्थिनी."

मी तिला मांडवाबाहेर गाठलं. अकरा वर्षं घोकलेलं वाक्य तोंडात होतं, पण "दुर्गा, मला माफ कर," एवढंच बाहेर आलं.

"रपट्यापाशी तू हात सोडला, ते मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "तेव्हाच समजलं होतं मले."

मी रडू लागले. ती थांबली, मी डोळे पुसेपर्यंत. मी विचारलं, "सरांनी तुझी माफी मागितली होती का?"

"नाई. एकदा बी नाई." तिनं कुबडीवरचा भार बदलला. "प्रतापगडाकडून शनवारी घरी यायचे, अना रविवारी इथून सायकलनं मामाच्या गावाले. चौदा किलोमीटर. पहिल्या वेळी आले तं मामीनं पाणी बी नाई देल्लं. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. त्यायनं पुस्तक उघडलं अना वर्गसमीकरण सांगाले लागले. भिंतीले सांगितल्यासारखं. दोन घंटे. मंग गेले. दुसऱ्या रविवारी आणखी आले. थंडीत बी आले. धाप लागे, हात कापत, खडू धरता नाई ये. तीन वर्षं. मी दहावी झाली, बारावी झाली."

"तू त्यांना माफ केलंस?"

"नाई. आज बी राग आहे मले त्यायचा. मेल्यावर राग काऊन जाईन?" मांडवातून दुसऱ्या पंगतीची हाक आली. ती वळली. "पण ते आले. तू आता येऊन राहिली. अना मी माफ केलं तं तुले बरं वाटन. मंग मले काय?"

ती हळूहळू चालत मांडवात गेली आणि बायकांच्या पंगतीच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसली. मीही मागोमाग गेले. पत्रावळी मांडून झाल्या होत्या. सगळी पंगत भरली होती, फक्त तिच्या शेजारची एक जागा रिकामी होती. मी तिथं पोहोचायच्या आधी दुर्गानं आपली कुबडी उचलली आणि त्या पत्रावळीवर आडवी ठेवली.